फोटोपुरती चालक

हो, मी ई-रिक्षाच बोलतेय! इंद्रपुरीत भिंतीला टेकून उभी आहे ना, ती गुलाबी. हा रंग मी मागितला नव्हता. बायकांच्या योजनेची गाडी म्हटल्यावर हाच फासायचा, असं कुणीतरी ठरवून टाकलं.

माझा सांगाडा गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात जोडला. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेनं मला विकत घेतलं. स्त्री-पुरुष समानतेचा प्रकल्प होता म्हणे. हार घातले, नारळ फोडला, भाषणं तर विचारूच नका! शेवटी एकदाचं मला नलिनीच्या हवाली केलं.

नलिनी अडतीस वर्षांची. जन्मात सायकलही चालवली नव्हती. वीस दिवस शिकली, दोनदा मला गटारात घालता घालता वाचली, पण परवाना मिळवलाच. मग बाग सेवनियाहून इकडे कोचिंगला येणाऱ्या मुली तिच्या रोजच्या सवाऱ्या झाल्या. "आंटी, कल भी आप ही आना," म्हणायच्या. नलिनी हँडल धरून गात राहायची. काय बेसूर गाते बाई! पण मला ते फार आवडायचं.

पाच महिने असे गेले. मग तिचा नवरा विनायक, त्याची कारखान्यातली कंत्राटी नोकरी सुटली. घरी बसल्या बसल्या त्यानं शोध लावला, की बायको फार दमते. अरे वा! पाणी भरताना, कणिक मळताना दमत नव्हती ती? "तू घर बघ, रिक्षा मी बघतो," म्हणाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. आठवड्याभरात त्या मुलींनी दुसरी रिक्षा लावली.

आता योजनेच्या नियमानं मला बाईनंच चालवायला हवं. दर तीन महिन्यांनी संस्थेच्या शमिका मॅडम तपासणीला येतात. त्या दिवशी विनायक मला लख्ख धुतो, नलिनीला चांगली साडी नेसायला सांगतो. ती हँडल धरून बसते, फोटो निघतो, ती उतरते. झाली समानता! असे चार फोटो निघाले. संताप संताप व्हायचा माझा, पण मला कोण विचारतो?

परवा मॅडम पुन्हा आल्या. नलिनी बसली. मॅडमनी मोबाइल वर धरला, तशी ती म्हणाली, "अहो, किल्ली द्या."

"फोटोला किल्ली कशाला लागते?" विनायक हसला.

नलिनी सरळ खाली उतरली. "मॅडम, वर्ष झालं, मी ही गाडी चालवलेली नाही. मला चालवू देत नाहीत. तसं लिहा."

"अगं, गाडी परत नेतील! खाणार काय मग?" विनायक ओरडला.

"नेऊ देत. आत्ता तरी कुठे माझी आहे?"

शमिका मॅडम गडबडल्या. "ताई, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही हो. गाडी दिली का, एवढंच विचारलंय. बसा ना, एकच फोटो."

ती बसली नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "राहू दे, मागचाच लावते," आणि निघून गेल्या.

मागचाच लावते! लाज कशी वाटत नाही या लोकांना? बाई तोंडानं सांगतेय आणि यांना फोटो हवाय. विनायक आता तिच्याशी बोलत नाही. मला मात्र रोज चालवतो.

संस्थेचा अहवाल तुमच्या हाती पडला, तर माझा फोटो बघून टाळ्या वाजवू नका. इंद्रपुरीत या. माझ्यात बसा, आणि विनायकनं हँडलला हात लावला की त्याला सांगा, "तुम्ही उतरा. नलिनीताईंना बोलवा. आम्हाला बाग सेवनियाला जायचंय." ती दाराआड उभीच असते. तिला रस्ता पाठ आहे.