छत : एक मीटर अठ्ठेचाळीस

कार्डावर असं आहे.

उंची. पायाची लांबी. घोट्याचा घेर. जागेवरून उडी.

आणि खाली जाड चौकोनात, शाईने : छत – १.४८.

आमच्या क्लबात उंच उडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला सर पहिल्याच आठवड्यात टेपने मोजतात, गणित मांडतात आणि हा पोरगा किंवा ही पोरगी जास्तीत जास्त किती उडणार ते लिहून टाकतात. त्याला छत म्हणतात. छत गाठलं की रांग सोडायची, कारण गादी एकच आहे. मग दुसरा खेळ. तीस वर्षांत छत एकदाही चुकलेलं नाही, असं सर पालकांना सांगतात आणि पालक माना डोलावतात.

मंगळवारी मी १.४८ पार केलं. टाळ्या झाल्या.

"झालं, पाऊण," सर म्हणाले. "सोमवारपासून गोळाफेक."

पाऊण म्हणजे मी. रांगेत सगळ्यांच्या खांद्याला लागते म्हणून.

"सर, मी गोळा फेकायचा की गोळ्याने मला?"

"हातात ताकद आहे तुझ्या."

"तिथलं छत किती?"

"आधी मोजू तर."

•

दादाचं छत १.७० होतं. सतराव्या वर्षी गाठलं, टाळ्या घेतल्या, निघाला. आता पंप दुरुस्त करतो आणि मंगळवार-शनिवार येऊन आमच्यासाठी दांडी लावतो.

घरी जाताना विचारलं, "एकाहत्तर कधी करून बघितलंस?"

"लावलीच नाही कोणी."

"तू मागितलीस?"

तो सायकल ढकलत राहिला. कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाला, "सत्तरला माझ्या पाठीत आणि दांडीत फट होती गं. चांगली चार बोटं."

चार बोटं! आणि हा माणूस पाच वर्षं गप्प.

छत चुकत नाही. कसं चुकेल? छताच्या वर दांडीच कोणी लावत नाही.

•

शनिवार. माझी शेवटची पाळी.

"दादा, दीड मीटर लाव."

दादाने सरांकडे पाहिलं. मग सरांकडे बघायचं सोडलं आणि लावली.

पहिली. धाव, वळण, पाय, खां—

पडली.

दुसरी. धाव, वळण, पाय, खां—

"वर जातानाच खांदा लागतोय," दादा म्हणाला. इतक्या दांड्या उचलल्यात त्याने की कशी पडली यावरून कुठे लागली ते सांगतो. "फार जवळ येऊन उडतेस. एक पाऊल मागून सुरू कर."

तिसरी. पाऊल मागून. खांदा गेला, पाठ गेली, टा—

"बघ," सर म्हणाले. "मी काय उगाच लिहितो?"

"सर, अठ्ठेचाळीसला मी सव्वीस वेळा दांडी पाडली. तेव्हा तुम्ही म्हणायचात, शिकतेय. आज तीनदा पाडली तर म्हणता, संपली. फरक काय पडला?"

"फरक कार्डात आहे."

"माझ्यात नाही ना?"

रांगेत कुजबुज झाली. एकजण म्हणाली, आवर गं, आम्हालाही उडायचंय. माझ्या मागे उभा असलेला सगळ्यांत उंच पोरगा, लंबू, गवतावर बसला आणि म्हणाला, "माझी पाळी हिला द्या. मला आज बघायचंय."

चौथी, टाच. पाचवी, टाच. सहावीला मी वळणावर घसरले आणि दांडीच्या खालून गादीवर गेले. सगळे हसले. मीही हसले, पण उठून पुन्हा खुणेवर गेले.

सातवी. टाच, पण नुसती चाटून. दांडी थरथरली, थरथरली आणि पडली.

"गुडघे लवकर सरळ कर," दादा म्हणाला. "कंबर पलीकडे गेली की लगेच. वाट बघू नकोस."

आठवी. लवकर केले. फार लवकर. कंबर.

नववी. धाव, वळण, पाय, खांदा, पाठ, कंबर, आता, टाच,

आकाश.

गादी.

वर दांडी जागच्या जागी.

लंबू शिट्टी वाजवायला गेला, त्याला ती वाजवता येत नाही.

•

"नवव्यांदा," सर म्हणाले. "स्पर्धेत तीनच मिळतात."

"स्पर्धेत तिनात करायला शिकेन. कार्डात तीन कुठे लिहिलंय?"

सरांनी माझं कार्ड काढलं. पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. तीस वर्षांत खाडाखोड केलेली नाही त्यांनी. हात तयार होईना.

"नका खोडू, सर," मी म्हटलं. "राहू दे. मी त्याच्या दोन सेंटिमीटर वर आहे, एवढंच."

मागे दादा खांबांपाशी काहीतरी करत होता. कोणी न सांगता त्याने दांडी बावन्नवर नेली होती.

"गोळाफेकवाल्यांना मी शब्द दिलाय," सर म्हणाले. "सोमवारी तू येणार म्हणून."

"मग तुम्हीच त्यांना सांगा, येत नाही," मी म्हटलं आणि खुणेकडे चालू लागले.