दारावरचा बाप

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. मूर्ती लहान आणि जीभ तिखट, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. वसतिगृहात तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण बाप फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायचा की आठवड्याभरात मजलाभर झालं.

त्या वसतिगृहात प्रत्येक मजल्याला एक विषय होता. दुसऱ्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुली, तिसऱ्यावर झाडं-पाणी-हवा यांचा ध्यास घेतलेल्या, आणि चौथा मजला 'पहिलं पाऊल'. ज्यांच्या घरातून आजवर कुणी विद्यापीठात गेलं नव्हतं, त्या मुलींनी इथे एकत्र राहायचं, एकत्र शिकायचं. गणिताचे सर त्याच मजल्याच्या टोकाला बायकोसह राहत आणि संध्याकाळी सामायिक खोलीतल्या फळ्यासमोर उभे राहत. अडलेलं विचारायला तिथे लाज वाटत नसे, कारण अडलेल्या सगळ्याच. लवंगी पहिल्या चाचणीत सपशेल आपटली होती आणि दुसरीत तरली, ती या खोलीमुळे. मजल्यावर तिचा जीव होता. म्हणूनच त्या रविवारचं तिला फार लागलं.

बाप भेटायला आला होता. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी लिफ्टचं तोंड बघायचं नाही म्हणून चार मजले जिन्याने चढला. धापा टाकत तिच्या खोलीशी पोचला आणि दारावरची पाटी मोठ्याने वाचू लागला.

"'वडील निरक्षर मजूर. घरात दिव्याचीही सोय नाही. तरी तिने उजेडाचं स्वप्न पाहिलं.' अरेरे! कोण गं हा बिचारा?"

मग त्याला खाली लेकीचा फोटो दिसला.

लवंगी बापाला आणायला बसथांब्यावर गेली असताना त्या पाट्या लागल्या होत्या. आठवड्याने देणगीदार पाहुणे मजला बघायला येणार होते, त्यांच्यासाठी संचालकबाईंनी प्रत्येक दारावर 'तिची कहाणी' लावून घेतली होती.

"बाबा, मी असलं काही सांगितलेलं नाही. शप्पथ."

"ते कळलं मला. यामुळे तुझी खोली टिकते का?"

"टिकत असेल."

"मग राहू दे. कुणी निरक्षर म्हटलं म्हणून मी वाचायचं विसरणार आहे थोडाच?"

हसत म्हणाला खरा, पण ठरल्यापेक्षा आधीच्या बसने निघून गेला.

सोमवारी सकाळी लवंगीने पाटी उपटली, बगलेत मारली आणि संचालकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे खोटं आहे, बाई."

"थोडं वाढवलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाहुण्यांना गुण दाखवले तर ते जांभया देतात. कहाणी ऐकली की मदत करतात. हा मजला त्या मदतीवरच उभा आहे, बाळ."

"मग माझी खरी कहाणी लावा. बाप लिफ्ट दुरुस्त करतो, रोज पेपर वाचतो आणि वाचताना सगळ्यांशी भांडतो."

"त्यात कुणाला काय वाटणार?"

"काही वाटायला नकोच आहे!"

बाई हसल्या. दुपारपर्यंत दारावर नवी पाटी आली, या वेळी डिंकाने चिकटवलेली.

खोलीतली जोडीदारीण, जिला सगळ्या लांबडी म्हणत, पलंगावर गुडघे मिठीत घेऊन बसली होती. "तुझ्या पाटीवरचं निदान खोटं तरी आहे," ती म्हणाली. "माझ्या आईला नवऱ्याने टाकलं, हे खरंय. प्रवेशाच्या मुलाखतीत बाईंनी विचारलं म्हणून सांगितलं होतं. तुलासुद्धा सांगितलं नव्हतं गं. आता पाणी भरायला येणारीसुद्धा वाचून जाते."

 लवंगीने दप्तरातली पट्टी काढली आणि दार खरवडायला घेतलं. थोड्या वेळाने लांबडीही दुसरी पट्टी घेऊन आली. कॉरिडॉरमध्ये करकर ऐकून दारं उघडली. काहींनी आपल्या पाट्या काढल्या, काहींनी राहू दिल्या. लवंगीने कुणाला आग्रह केला नाही. ज्याची त्याची कहाणी.

पाहुणे आले तेव्हा मजल्याची निम्मी दारं खरवडलेली होती. संचालकबाईंचा चेहरा उतरला. एका वयस्कर पाहुण्यांनी लवंगीलाच गाठलं. "मुली, तुझा खडतर प्रवास ऐकायचाय आम्हाला."

"खडतर गणित आहे, काका," ती म्हणाली. "प्रवास बसने झाला. संध्याकाळी थांबा आणि आम्ही कशा अडतो, कशा सुटतो ते बघा. त्याला मदत करावीशी वाटली तर जरूर करा. आमच्या आईबापांची कीव मात्र करू नका. त्यांनी ती मागितलेली नाही."

पाहुणे थांबले नाहीत. दोन दिवसांनी लवंगीला हुकूम आला: मजल्याच्या शिस्तीत बसत नसल्यामुळे सामान मागच्या जुन्या इमारतीत हलवावं.

तिने हलवलं. रडली नाही म्हणणं खोटं ठरेल. जिन्यात रडली, मग नाक पुसून गादी ओढत नेली. जुन्या इमारतीला कसलाच विषय नव्हता. ज्या कुठेच बसल्या नाहीत त्या मुली तिथे राहत. खालच्या भोजनगृहात ती एकटी वही उघडून बसली, तेवढ्यात दारातून लांबडी वाकून आत आली. तिच्यामागे चौथ्या मजल्याच्या आणखी मुली. शेवटी गणिताचे सर, काखेत फळा आणि मागून खडूचा डबा घेतलेली त्यांची बायको.

"वरची खोली संचालकबाईंची आहे," सर भिंतीला फळा टेकवत म्हणाले. "फळा माझा आहे."

जुन्या इमारतीतल्या मुली आधी लांबून बघत राहिल्या, मग एकेक खुर्ची ओढून आल्या. त्यांच्यातल्या एकीचे वडील डॉक्टर होते आणि तिलाही तेच गणित अडलं होतं.

आठवड्याने संचालकबाई स्वतः आल्या. चौथ्या मजल्यावरची सामायिक खोली ओस पडली होती. "हे नियमात बसत नाही," त्या दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या आपल्या मजल्यावर चला. लवंगीने एवढंच लिहून द्यावं, की तिचं चुकलं."

"चुकलं नाही, बाई," लवंगी म्हणाली आणि फळ्याकडे वळली. "सर, तिसरी ओळ पुन्हा सांगा."