आंबट होतो तोवर

मी रॉयल जेलीतला एक कण बोलतोय. रॉयल जेली म्हणजे मधमाश्या आपल्या होणाऱ्या राणीला भरवतात ते पांढरट, आंबट खाद्य. मी त्यातलं प्रथिन. नाव मोठं, जीव एवढासा, आणि आता तर तोही धड उरलेला नाही.

माझा जन्म एका दाई माशीच्या डोक्यातल्या ग्रंथीत झाला. तिथून तिने मला राणीच्या अळीच्या घरात आणून सोडलं. बाकीच्या अळ्यांची घरं आडवी असतात. राणीच्या अळीचं घर मात्र उलटं टांगलेलं, तोंड खाली, आणि खाली आधाराला काहीही नाही. सगळे मला राणीचं अन्न म्हणतात. पण पोट भरण्याआधी माझं काम निराळं असतं. आम्ही भाऊबंद एकमेकांना घट्ट धरून लांब धागे करतो. त्या धाग्यांनी जेली दाट होते आणि तिला चिकटून अळी छताशी लटकून राहते. आम्ही सोडलं की ती पडलीच.

हे सगळं आंबटपणावर चालतं. आंबटपणा गेला की आमची पकड सुटते. त्यात आमची मर्जी चालत नाही.

मीही एका अळीला धरलं होतं. कोवळी, गुबगुबीत. दोनच दिवसांत तिने छान बाळसं धरलं. वेडा जीव माझा, मला वाटलं ही राणी होणार.

मग मधमाश्यांची पेटी उघडली. मधपाळाने चौकट बाहेर काढली आणि बायकोसमोर धरली. जेली काढायची तर आधी अळी काढावी लागते आणि ते नाजूक काम तिचं. चिमटा धरलेला तिचा हात जरासुद्धा हलत नसे.

"अहो, एवढीशी ही, उलटी लटकून पडत कशी नाही हो?"

"जेली धरून ठेवते तिला."

"बरंय बाई! मला कुणी असं धरून ठेवत नाही," ती हसत म्हणाली आणि तिने अळी उचलून ताटलीत टाकली.

मी सोडलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं.

पुढे मी बाटलीत, बाटली फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे. थंडीत आम्ही टिकतो, म्हणून टिकलो. कशासाठी, ते कळत नव्हतं. दार उघडलं की घरातलं बोलणं कानावर पडे. आधी तिचं हसणं ऐकू यायचं. मग खोकला. मग तिच्या बहिणीचा आवाज घरात वावरू लागला. बहीण मुक्कामाला आली म्हणजे दुखणं साधं नाही, हे मलाही कळलं. मधपाळाच्या बायकोच्या पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

एके दुपारी मधपाळाने बाटली काढली. चमचा भरून तिच्या ओठांशी नेला.

"घे. अळीला धरून ठेवते ना? तुलाही धरेल."

ऐकून मी हबकलो. अरे बाबा, मला अळी धरता येते. माणसाला कुठे धरायचं असतं, ते मला कुणी शिकवलंय?

तिने जीभ लावली आणि तोंड फिरवलं. "झोंबतंय हो."

"ताईचं तोंड आलंय ना, दाजी. द्या इकडे, आंबटपणा मारते," बहीण म्हणाली. मायेनेच म्हणाली. वाटीत कोमट पाणी, त्यात मी, वर चिमूटभर खायचा सोडा.

फसफस झाली. माझ्या शेजारच्याची पकड सुटली, मग त्याच्या शेजारच्याची, मग माझी. जेली पाण्यासारखी पातळ झाली. सोडा घातला नसता तरी मी तिला वाचवलं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण धरण्याचा प्रयत्न तरी केला असता. आता तेवढंही राहिलं नाही.

मधपाळाने पुन्हा चमचा नेला. तिला गिळवेना. मी तिच्या हनुवटीवरून ओघळलो आणि त्याने मला टॉवेलने टिपून घेतलं.

"अहो, मी घसरतेय," ती म्हणाली. खरंच ती उशीवरून खाली सरकत होती. त्याने पाठीमागे हात घालून तिला सावरलं आणि तसाच बसून राहिला.

"दाजी, हात अवघडेल. उशी लावते."

"नको. राहू दे."

अजून तो तसाच बसलाय. मी पलंगाच्या कठड्यावर, टॉवेलच्या कोपऱ्यात वाळत चाललोय. इथून त्याचा हात दिसतो. घट्ट धरलंय त्याने. मीही घट्टच धरलं होतं. चिमटा आला तेव्हा मला कुणी विचारलं नाही, त्यालाही कुणी विचारणार नाही.

माझं एकच मागणं आहे. हा टॉवेल आज धुवायला टाकू नका. माझा काही उपयोग नाही, कळतं मला. पण तो एकटा धरून बसलाय. मला इथेच असू द्या.