न धरलेल्या गुठळ्या

लॅबच्या दाराची काच फोडून तो आत आला, स्टूल उचलून फ्रीजवर आदळलं आणि मॅडमची मानगूट धरून त्यांना भिंतीवर ढकललं. त्यांची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं.

हा वॉर्डातल्या वेल्डरचा थोरला भाऊ. वेल्डरला एचआयव्ही आहे हे घरात फक्त यालाच ठाऊक. डोकेदुखीने वेल्डर आधीच बेजार होता. कालपासून भ्रमात सिस्टरच्या अंगावर धावत होता, सकाळी या भावालाच कडकडून चावला. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मेंदूला भ्रमात टाकणारी बुरशी नाही, असा रिपोर्ट काल मॅडमनी दिला होता. त्यामुळे औषध सुरू झालं नव्हतं. उलट त्याला वेड्यांच्या इस्पितळात हलवायचं ठरत होतं.

"वेडा नाहीये तो," भाऊ मान आवळत म्हणाला. "पुन्हा बघा ते पाणी."

'पुन्हा' ऐकलं आणि मॅडमना कालची तपासणी आठवली. तपासणीतल्या बारीक मण्यांना बुरशीला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. बुरशीचे कण मण्यामण्यांना जोडतात आणि गुठळ्या धरतात. पण कणच बेसुमार असले, तर प्रत्येक प्रतिपिंडाला आपापला कण मिळतो, मणी सुटे राहतात आणि पाणी निर्दोष दिसतं. म्हणून ते पातळ करूनही बघायचं असतं. काल घाईत त्यांनी तेवढंच टाळलं होतं.

तोवर वॉचमन धावले. भावाला बाहेर ओढून काठ्यांनी झोडपू लागले. त्याला सोडा, असं मॅडमनी ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण. बाहेर काठ्या पडत होत्या, आत त्या पाणी पातळ करत होत्या. काचपट्टी हलवली, तसा थेंब नासलेल्या दुधासारखा फाटला.

वॉर्डात फोन करून त्या बाहेर आल्या. आधी तक्रार द्या, म्हणत एक वॉचमन आडवा आला. त्याला बाजूला सारून त्या भावासमोर उभ्या राहिल्या.

"बुरशी आहे. काल मी चुकले."

सलाईनमधून औषध चढलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळी वेल्डर गेला.

भाऊ पुन्हा लॅबच्या दारात आला. मॅडम उठून उभ्या राहिल्या, हात खाली सोडून. तो मारेल असं त्यांना वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं.

"आई विचारेल कशाने गेला," तो म्हणाला. "बुरशीने, असं सांगितलं तर खोटं नाही ना होणार?"

"नाही. खरंच आहे ते."

सुजलेल्या ओठांनी 'बुरशीने गेला' एवढंच वाक्य हळू आवाजात घोकत तो जिना उतरला.