आठचा भोंगा

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी. त्या काळ्या पडलेल्या धुराड्याच्या डाव्या हाताला, बॉयलरच्या छपरावर एक हिरवट पितळी नळकांडं दिसतंय ना? तोंडात पारव्यांनी काड्या आणून ठेवल्यात, म्हणून चटकन ओळखू येत नाही. मी या बंद पडलेल्या साखर कारखान्याचा भोंगा. एकेकाळी निम्मा केज तालुका माझ्या आवाजावर उठायचा, आंघोळीला जायचा आणि घड्याळं लावायचा. थोडी फुशारकी वाटेल, पण माझं वय बघून तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत झाला. तिथल्या मिस्त्रीनं मला घासूनपुसून वाफेच्या नळीला जोडलं आणि पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा समोरच्या झाडावरचे सगळे बगळे उडाले. "गळा चांगला आहे," एवढंच तो म्हणाला. मग मला पेंढ्यात गुंडाळून ट्रकनं इथं आणलं. अर्जुनराव चेअरमननी गावोगाव फिरून, एकेका शेतकऱ्याला सभासद करून हा सहकारी कारखाना माळावर उभा केला होता. मला छपरावर चढवताना त्यांनी स्वतः नारळ फोडला.

माझी साखळी आश्रुबाच्या हातात असे. आश्रुबा बॉयलरवरचा कामगार, अंगानं आडवा आणि मनानं लोण्याचा. दसऱ्याला बॉयलर पेटला की उन्हाळा लागेपर्यंत मी रोज वाजायचो. सकाळी साडेसातला एकदा, कामगारांनी घरून निघावं म्हणून, आणि आठला पुन्हा, पाळी बदलली म्हणून. दुपारी आणि रात्रीही वाजायचो, पण ही गोष्ट सकाळच्या त्या दोन भोंग्यांमधल्या अर्ध्या तासाची आहे.

तो अर्धा तास मला फार आवडायचा. मळीचा गोड वास हवेत तरंगत असायचा. माझ्याच वाफेचा ढग छपरावर रेंगाळायचा आणि त्यातून खालचा धारूरचा रस्ता कधी दिसायचा, कधी नाही. अशाच एका सकाळी त्या ढगातून पाच पोरी धावत आल्या आणि त्यांच्यामागे सायकलवर एक बाई. मला वाटलं, मी झोपेतच आहे.

त्या तिडके बाई. तालुक्याच्या कॉलेजात खेळ शिकवायला नव्यानं आलेल्या. त्यांना मुलींचा धावण्याचा संघ उभा करायचा होता. लोक हसले. "पोरींनी पळायचं कावून? मागं कुत्रं लागलंय का?" असं फाटकावरचा पहारेकरी त्यांना तोंडावर म्हणाला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "लागलं असतं तर बरं झालं असतं, जोरात पळाल्या असत्या."

कॉलेजला धड मैदान नव्हतं. वेळ मोजायचं एक घड्याळ होतं, त्याची कळ अडकलेली. म्हणून बाईंनी मला निवडलं. घाटाच्या पायथ्याच्या पुलापासून आमचं फाटक बरोबर सात किलोमीटर. पहिला भोंगा ऐकू आला की पुलावरून निघायचं आणि दुसरा वाजायच्या आत फाटक गाठायचं. गाठलं तर संघात, नाही तर नाही. संघातल्या मुलींना कॉलेजच्या वसतिगृहात राहायला आणि जेवायला मिळेल, एवढं बाईंनी अर्जुनरावांकडून कबूल करून घेतलं होतं. कॉलेजचे अध्यक्षही तेच होते.

आता मुक्ताबद्दल सांगतो. पाचांत ही सगळ्यात मागची. आई बायनाबाई आणि वडील पंडित दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला लांब जायचे. मुक्ता संघात राहिली तर वसतिगृहात राहून बी.ए. करणार होती. नाही राहिली तर तिलाही कोयता घेऊन फडात जायचं होतं. एकदा गेलेली पोर परत वहीकडे वळत नाही, हे बाईंना ठाऊक होतं आणि आश्रुबालाही.

पहिल्या वर्षी निवडीच्या दिवशी आठला अर्धं मिनिट कमी असताना चार पोरी फाटकात होत्या. मुक्ता अजून फाटकाअलीकडच्या चिंचेपाशी होती. आश्रुबानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि साखळीवरचा हात तसाच ठेवला. काटा बारावरून पुढे गेला. वाफ माझ्या गळ्याशी येऊन थांबली. मुक्ता फाटकात शिरली आणि मग मी वाजलो. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला बरंच वाटलं.

मग ती सवयच झाली. कधी एक मिनिट, कधी दोन. पहिला भोंगा वेळेवर आणि दुसरा मुक्ता येईल तेव्हा. गंमत अशी की कुणीही मला दोष दिला नाही. केजच्या एका दुकानदारानं रेडिओच्या बातम्या दोन मिनिटं लवकर लागतात म्हणून तक्रार केली. तिडके बाईंच्या मनगटावरचं घड्याळ रोज साडेसातला मागं पडलेलं असे आणि आठला पुढं गेलेलं. त्या दोन्ही वेळा ते माझ्यावर लावत आणि म्हणत, "रात्रभर झोपतं आणि सकाळी पोरींबरोबर पळतं, त्याचं तरी काय चुकलं!"

डिसेंबरात संघ औरंगाबादला गेला. शेताबांधांवरून धावायची कॉलेजा-कॉलेजांमधली शर्यत होती. संघातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक मिळवायचे आणि ज्यांची बेरीज कमी तो संघ जिंकला, असा तिथला हिशेब. आमच्यातल्या एकीचा घोटा निघताच मुरगळला, त्यामुळे मुक्ताचा क्रमांक धरावाच लागला. तिघी पहिल्या पंधरात आल्या. मुक्ता इतकी मागून आली, की शेवटची निशाणं काढायला सुरुवात झाली होती. आमचा संघ शेवटून दुसरा.

परतीच्या एस.टी.त बाई सारखं मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. त्यांनी स्टँडवरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ ताडून पाहिलं होतं. औरंगाबादला दोन दिवसांत ते एका सेकंदानंही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या लोखंडी शिडी चढून थेट बॉयलरवर आल्या. आश्रुबा खाली बघत उभा राहिला.

"किती दिवस चाललंय हे?" बाईंनी विचारलं.

"पयल्या दिसापासून," आश्रुबा म्हणाला. "पोरगी चिंचेपाशी आलती, बाई. माझा हात खाली येईना. आन पयला भोंगा पुलावर उशिरा ऐकू जातो, आवाजाला बी वाट चालायला लागती. तेवढंच परत देत व्हतो."

"आवाजाला वीस सेकंद लागतात, आश्रुबा. तुम्ही दोन-दोन मिनिटं दिलीत." बाईंचा आवाज चढला नाही, पण मला तो अजून आठवतो. "तिला वाटत होतं, आपण पोचतोय. म्हणून तिनं पाय उचललाच नाही. काल सगळ्यांसमोर ती एकटी धावत होती. तुमच्या मायेनं तिची फजिती केली."

आश्रुबानं डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांना लावला. मी वर छपरावर होतो, मला लपायला जागा नव्हती. खोटा तर मीच वाजलो होतो.

अर्जुनरावांनी बाईंना आणखी एक वर्ष दिलं. "पुढच्या साली असंच झालं तर पोरींची खोली बंद करू, बाई. लोक मला इचारतेत," ते म्हणाले. बाईंनी मुक्ताला खरं सांगितलं. मुक्ता तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली, फाटकातून सरळ शिडीखाली गेली आणि वर आश्रुबाकडे बघून म्हणाली, "मामा, उद्यापासून टायमावर वाजवा."

उरलेला सगळा हंगाम मी वेळेवर वाजलो आणि ती रोज चुकली.

मग उन्हाळा आला, आणि त्यामागून आला तो पावसाळा म्हणावा असा नव्हताच. धारूरच्या डोंगरावर ढग जमायचे आणि तसेच निघून जायचे. ऊस उभ्या जागी वाळला. बॉयलर थंड, मी मुका. पण छपरावरून मला कोरडा कालवा दिसे. तीन वर्षांपूर्वी खणलेला, पाण्याचा थेंबही न पाहिलेला. रोज सकाळी त्या कालव्याच्या तळातून कुणीतरी धावायचं. माझ्या जागेवरून फक्त डोकं दिसायचं, काठाला लागून सरकत जाणारं लाल रिबिनीचं डोकं, मागोमाग बाईंच्या सायकलीची घंटी. ऊन वाढलं की कालव्याच्या काठावर हवा थरथरायची आणि त्यात ते डोकं विरून जायचं. पुष्कळदा मला वाटे, मला स्वप्न पडतंय. भोंग्याला स्वप्नं पडतात, मित्रांनो. वाफ नसली की दुसरं करायला तरी काय असतं?

त्या वर्षी दसरा कोरडाच गेला आणि बॉयलर दिवाळी टळल्यावर पेटला. ऊस जेमतेम वीस दिवस गाळण्यापुरता. मुकादमाचा ट्रक नवव्या दिवशी आमच्याच फाटकावरून निघणार होता, आठच्या भोंग्याला. त्याच सकाळी बाईंनी संघाची निवड ठेवली. आदल्या दिवशी त्या पंडितला म्हणाल्या, "तिला राहू द्या. मी काहीतरी सोय करते."

पंडितनं पायातली वहाण सारखी केली. मग म्हणाला, "न्हाई बाई. मागल्या साली दुसऱ्याच्या दयेनं राहिली, ते लई लागलं तिला. आली टायमात तर तुमची. न्हाई तर आमच्या संगं फडात."

ती सकाळ मी विसरणार नाही. थंडी होती. माझा ढग छपरावरून हलत नव्हता. फाटकाशी ट्रक उभा, त्यात भांडीकुंडी, बाजा, माणसं. बायनाबाई ट्रकच्या फळीशी उभी होती, पायाशी मुक्ताचं बोचकं. साडेसातला मी वाजलो. आश्रुबानं साखळी सोडली आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. "मला काय बी सांगू नगा," तो जोडीदाराला म्हणाला. "कुणी दिसलं तरी सांगू नगा."

मला मात्र दिसत होतं, आणि तोंड असून सांगता येत नव्हतं. पहिली आली, दुसरी आली. मग दोघी बरोबर. मग रस्ता रिकामा. मी मनात म्हणत होतो, जरा थांब रे काट्या. शिकलो नव्हतो मी काही, अजूनही तसाच होतो.

आणि ढगातून लाल रिबीन आली. चिंच मागे पडली. सायकलवरच्या बाई तिच्यापासून बऱ्याच लांब होत्या. मुक्ता फाटकात शिरली, ट्रकपाशी थांबली, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला. भोंगा वाजलेला नव्हता.

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, राग होता. डोळ्यांत पाणी भरलं. "मामा," ती वर बघून ओरडली, "कावून थांबलाव? तुमाला सांगितलं व्हतं ना? वाजवा की!"

आश्रुबानं वळून पाहिलंसुद्धा नाही. घड्याळावरची नजर न काढता तो म्हणाला, "आजून येळ हाय, पोरी."

तिला ते पटेना. तेवढ्यात बाई सायकल टाकून धावत आल्या आणि मनगट तिच्यासमोर धरलं. आठला चाळीस सेकंद कमी होते.

मित्रांनो, मी कित्येक वर्षं वाजलो, पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर ते न वाजलेले चाळीस सेकंद. ट्रकमधली माणसं, पहारेकरी, बाई, पंडित, सगळे माझ्याकडे बघत उभे. काटा बारावर आला, आश्रुबानं साखळी ओढली, आणि मी जो वाजलो तो पार त्या बगळे उडालेल्या पहिल्या दिवसासारखा वाजलो. बायनाबाईनं बोचकं उचललं आणि मुक्ताच्या हातात दिलं. "नीट ऱ्हा," एवढंच ती म्हणाली. ट्रक निघाला.

त्या डिसेंबरात आमचा संघ पहिला आला. मुक्ता आमच्यातली चौथी, तिचा क्रमांक अकरावा, आणि तिच्यामुळेच बेरीज जमली. बाई करंडक घेऊन शिडी चढल्या आणि तो आधी आश्रुबाच्या हातात दिला. पुढची वर्षं तलवाड्याहून, धारूरहून, कुठून कुठून पोरी येत राहिल्या. पाचांच्या तीस झाल्या. कुणी पोलिसात गेली, कुणी शिक्षिका झाली. दुष्काळही येत राहिले. एका दसऱ्याला बॉयलर पेटलाच नाही, त्यानंतर कधीच नाही. आश्रुबानं शेवटचं माझं तोंड फडक्यानं पुसलं आणि साखळी खिळ्याला अडकवून ठेवली.

आता माझी फार मागणी नाही. पारव्यांची पिल्लं उडाली की कुणीतरी वर या, काड्या काढा, जरा पुसा. आणि कुणावर माया केलीत तर त्याच्यामागोमाग उन्हात कालव्यातून जा, बाई सायकलवरून जात तशा. त्याच्यासाठी काटा धरून ठेवू नका. मी धरला होता, म्हणून सांगतो.

पुलावरून अजून पोरी निघतात. त्यांच्यामागे सायकलवर असते मुक्ता. केस पांढरे झालेत, त्याच कॉलेजात ती खेळ शिकवते. परवा एक बारीकशी पोर सगळ्यांच्या आधी फाटकात आली, आणि मागून पोचलेल्या मुक्ताला धापा टाकत तिनं विचारलं, "मॅडम, झाले का आठ?"

मुक्तानं घड्याळ पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आजून येळ हाय, पोरी," ती म्हणाली.