डाव्या पायाचा फर्मा

मी एक जुना फर्मा आहे. फर्मा म्हणजे बूट शिवताना आत घालायचा लाकडी पाय. माझ्यावर ओलं चामडं ताणून बसवतात. ते वाळून आकाराला आलं की मला ओढून बाहेर काढतात. मित्रांनो, सध्या मी दुकानाच्या दाराला टेकण म्हणून पडलेला असतो, पण जात्या फर्माच आहे.

माझे धनी बूट शिवणारे कारागीर. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणते. त्यांनी मला घडवलं एका नर्सताईंसाठी. लहानपणीच्या आजारात ताईंचा डावा पाय आखूड आणि पाऊलही लहान राहिलं, आणि नोकरी तर दिवसभर उभं राहण्याची. मी तो डावा पाय. उजवा माझा जोडीदार. माझ्याहून बोटभर लांब, म्हणून जरा तोऱ्यातच असायचा.

दरवर्षी ताई नवा जोड शिवून घेत. दादा त्यांचं पाऊल हातात धरून चाचपत आणि जिथे हाड वर आलं असेल, तिथे माझ्यावर चामड्याची लहानशी चकती ठोकत, म्हणजे बूट तिथे चावत नसे. माझं अंग ठिगळांनी भरलं, पण मला त्याचा अभिमान होता. "हे बूट घातले की मी लंगडते हे विसरून जाते," असं ताई एकदा म्हणाल्या. त्या दिवशी जेवताना दादांनी हे त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दोनदा सांगितलं.

मग शेजारच्या देशांशी करार झाला. एकमेकांच्या मालावर कर घ्यायचा नाही असं ठरलं. दादांना वाटलं, आता आपले बूट पलीकडे जाणार. त्यांनी हौसेनं नवे जोड शिवून काचेत मांडले. दार काय एकाच बाजूनं उघडतं का, असं वहिनींनी विचारलं. दादांनी ते हसण्यावारी नेलं.

पलीकडून यंत्रावर शिवलेले बूट आले, ट्रक भरभरून. खोटं कशाला बोलू, अनवाणी पोरांच्या पायांत ते पहिल्यांदाच बूट आले. दादांचे जोड मात्र काचेतच राहिले आणि शेवटी पडत्या भावात गेले.

एके दिवशी ताईही तेच बूट घालून आल्या. दोन मापांचे दोन जोड घेतले होते. एकातला डावा, दुसऱ्यातला उजवा.

"रागावू नका दादा. दोन जोड मिळूनही तुमच्या एकापेक्षा स्वस्त पडले."

"रागवायचं काय त्यात? मीही तेच केलं असतं," दादा म्हणाले. दिवसभर त्यांनी हातोडी उचलली नाही.

पोट कुणाला चुकलंय? पुढे दादाच ते परदेशी बूट विकायला बसले. बाकीचे फर्मे चुलीत गेले, माझा जोडीदारसुद्धा. चकत्यांमुळे मी फरशीवर घसरत नाही, म्हणून तेवढा वाचलो.

परवा ताई काठी टेकत आल्या. त्या बुटांनी टाचेला जखम झाली होती. मागाल ती किंमत देते, पण एक जोड शिवून द्या, असं म्हणाल्या. दादांनी मला उचललं, तसं दार धाडकन मिटलं. ताईंचं पाऊल मांडीवर घेऊन त्यांनी कितीतरी वेळ चाचपलं.

"इथे एक चकती वाढवावी लागेल," ते म्हणाले. मग त्यांनी मला खाली ठेवलं. "पण ताई, चामडं कुठून आणू? कातडी कमावणारे कारखाने बंद पडले. कच्ची कातडी पलीकडे जातात आणि बूट होऊनच परत येतात. बुटांचे तळ कापणाराही तिकडेच कामाला गेला."

ताईंनी काठी उचलली. त्या गेल्या तेव्हा त्यांची एक जड, एक हलकं अशी पावलं मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, स्वस्त बूट खुशाल घाला. पण तुमचं पाऊल हातात धरून बघणारा कुणी असेल, तर अधूनमधून एखादा जोड त्याच्याकडूनही शिवून घ्या. गरज पडल्यावर धावत गेलात, तर तो असेल, पण त्याचे हात रिकामे असतील.

संध्याकाळी दादांनी स्वतःच्या जुन्या चपलेचा तुकडा कापला. माझ्या टाचेवर, नेमक्या त्या जागी, नवी चकती ठोकली आणि मला पुन्हा दाराला लावून ठेवलं.