खिडकीतल्या सैतानाची दृष्ट

मित्रांनो, माझ्या पोटात एक सैतान राहतो. घाबरू नका. मी रशियन गोष्टींचं एक जुनं मराठी पुस्तक आहे. वैदेहीने कॉलेजात असताना मला बारामतीच्या पुस्तक प्रदर्शनातून आणलं, कव्हर घातलं आणि लग्नानंतर जळोचीच्या घरीही सोबत नेलं. एवढी माया सगळ्याच पुस्तकांच्या वाट्याला येत नाही.

माझ्या एका पानावर चित्र आहे. बाहेर बर्फ, आणि खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघणारा शिंगवाला सैतान. वैदेही तिच्या लेकीला, पाच वर्षांच्या अबोलीला, ती गोष्ट वाचून दाखवत होती. चित्र आलं आणि अबोली किंचाळली. वैदेहीने मला पटकन मिटलं.

तेव्हापासून अबोली खिडकीजवळ जाईना, नीट जेवेना. वैदेही सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघायची. शेवटी तिने मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मला राग नाही आला. आई होती ती.

मग कऱ्हाटीहून तिच्या सासूबाई, ठमाबाई आल्या. तिन्हीसांजेला दृष्ट काढायला त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या.

"कशाला भ्यालं गं माझं लेकरू?"

वैदेहीने मला उघडून दाखवलं.

"आगं बया! मग फुडं काय केलं ह्यानं?"

"ते... वाचलंच नाही, आई."

"अर्धी गोष्ट पोरीच्या डोक्यात ठिवून कसं चालंल? वाच की!"

वैदेहीने पान उलटलं. सैतान थंडीने कुडकुडत होता. गावात कुणी दार उघडत नव्हतं, म्हणून तो आतल्या चुलीकडे बघत होता. शेवटी घरातल्या म्हातारीने त्याला शेकायला आत घेतलं.

ठमाबाईंनी अबोलीवरून मूठ ओवाळून तव्यावर टाकली. सगळ्यांना सणसणीत ठसका लागला.

"ठसका लागला म्हंजी दिष्ट न्हाय."

"आजी, आता त्याची काढ," अबोलीने मला पुढे केलं.

"सैतानाची? आगं, त्याच्यापायीच तर लोक दिष्ट काढत्यात!"

"पण सगळे त्याच्याकडेच वाईट बघतात ना?"

ठमाबाई हसल्या, पण त्यांनी खरंच माझ्यावरून मूठ ओवाळली, तव्यावर टाकली. कुणालाच ठसका लागला नाही.

"व्हय गं! लईच लागली हुती बिचाऱ्याला!"

तवा एव्हाना निवला होता. वैदेहीने ते पाहिलं आणि हसत तवा उचलून ठेवला.

आता माझी जागा अबोलीच्या खिडकीत आहे. या तिघींचे उपकार कसे फेडू? मित्रांनो, गोष्टीत भीती वाटली तर आम्हाला तिथंच मिटू नका. आईला म्हणा, अजून एक पान वाच.

माझ्या त्या पानाच्या घडीत मिठाचा एक खडा अडकलाय. जरा टोचतो. टोचू दे. आमच्या सैतानावरून कुणीतरी मीठ ओवाळलं होतं.